नारळाच्या दुधाची हुग्गी

आमच्या घरात सकाळ आधी कानाला कळायची, मग डोळ्याला. मल्लूकाका टेम्पोतून दुधाचे कॅन उतरवून फरशीवर सरकवायचा आणि तो घर्र आवाज उशीतून थेट डोक्यात शिरायचा. पाठोपाठ स्वयंपाकघरातून भाकरीची थाप सुरू व्हायची. खाली अप्पांची डेअरी, वर आम्ही. आई म्हणजे अव्वा, वडील म्हणजे अप्पा, थोरली बहीण अक्का. घरात मराठी आणि कानडी एकाच ताटात वाढलेली असायची आणि कुठलं कुठं संपतं हे आम्हालाही सांगता आलं नसतं. डेअरीमुळं घराला कायम एक वास असायचा. तापत्या दुधाचा, खव्याचा, लोणी कढवताना त्यात टाकलेल्या विड्याच्या पानाचा. पाहुणे जिना चढताना म्हणायचे, तुमच्या घरात आलं की पोट भरतं. मला तो वास येत नसे, कारण मी त्यातच वाढले होते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला वाटायला नको की मी लहानपणापासून दुधाचा तिटकारा असलेली किरकिरी पोर होते. मी सायीसाठी अक्काशी मारामारी केलेली मुलगी आहे. कडक भाकरी चुरून, त्यावर शेंगाची चटणी आणि गाडग्यातलं घट्ट दही घालून कालवलं, की मला दुसरं काही लागत नसे.

मल्लूकाका अप्पांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नव्हतं, आमच्यातच राहायचा, आणि आमचं घर हसतं ठेवायचं काम त्याच्याकडं होतं. तो बोलायला लागला की गल्लीतली माणसं कट्ट्यावर थांबायची. कुणाच्या चालण्याची नक्कल, कुणाच्या नावाची मोडतोड, मयताच्या घरातसुद्धा तो कोपऱ्यात बसून दोघा-तिघांना हसवून यायचा आणि त्याला कुणी नावं ठेवत नसे. मला तर त्यानंच वाढवलं म्हटलं तरी चालेल. शाळेत सोडायला तो, दात दुखला तर डॉक्टरकडं तो, सायकल शिकवायला तो. आणि हाच काका आपल्या धर्माचा पक्का होता. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग, सकाळी पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही, अंडं शिजतं अशा हॉटेलात तो चहासुद्धा घेत नसे. बाहेरगावी गेला तर डबा बरोबर. त्याच्या ह्या नेमाची कुणी चेष्टा केल्याचं मला आठवत नाही. तो स्वतः सगळ्या जगाची चेष्टा करायचा, पण ही एक जागा सोडून. मलाही तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आमचं निम्मं दूध अक्कलकोट रोडच्या एका गोठ्यातून यायचं. मी बारावीत होते. सुट्टी असली की मी टेम्पोत काकाच्या शेजारी बसून तिकडं जायचे, वारा खायला म्हणून. एका रविवारी काका कॅन भरून घेत होता आणि मी मागच्या बाजूला गेले. तिथं उकिरड्याच्या कडेला एक रेडकू बांधलेलं होतं. चार-सहा दिवसांचं असेल. बरगड्या मोजता याव्यात असं. त्याच्या तोंडाला फेस आला होता आणि ते समोरच्या भिंतीला चाटत होतं. भिंतीच्या पलीकडं म्हैस रेकत होती. मी गोठेवाल्याला विचारलं, ह्याला पाजत का नाही. तो म्हणाला, "पान्हा फुटंपर्यंत लावतो की थोडं. नर हाय त्यो. नराला पाजून काय करायचं? दुधाचा धंदा हाय, पांजरपोळ न्हाय." काका कॅनचं झाकण दाबत म्हणाला, "मग काय, ब्यांकेत चिकटवू का त्याला?" गोठेवाला हसला. मीही हसले. हे लिहून ठेवलंच पाहिजे, की मीही हसले. पुढच्या रविवारी दावं तिथंच होतं आणि रेडकू नव्हतं. कुठं गेलं विचारल्यावर गोठेवाला "गेलं" एवढंच म्हणाला. आत म्हैस तशीच रेकत होती आणि तिच्याखाली बसून तो धार काढत होता. त्या संध्याकाळी अव्वानं पेला पुढं केला तेव्हा माझा हात उचलला गेला नाही.

"दूध नको," मी म्हणाले.

"पोट दुखतंय काय? मग दही घे."

"दही पण नको."

"ताक?"

"ताक पण नको, अव्वा. तूप पण नको. कायच नको त्यातलं."

अव्वानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

मी कारण सांगितलं. त्या रेडकाचं सगळं सांगितलं. अव्वा ऐकून घेत होती, तिच्या चेहऱ्यावर खरंच कळवळा होता, आणि शेवटी ती म्हणाली, "बिचारं. बरं, मग उद्यापास्नं घे." आपल्या माणसांना काही समजत नाही असं नसतं. समजतं, आणि समजून ती बाजूला ठेवून देतात. याचा राग न समजण्यापेक्षा जास्त येतो.

पहिला आठवडा घरानं वाट पाहिली. मग चेष्टा सुरू झाली. सुरुवातीला ती गोड होती, म्हणजे मला गोड मानून घ्यायची सवय होती. काका जेवायला बसला की कोथिंबिरीच्या जुडीला नमस्कार करायचा आणि म्हणायचा, "माफ कर ग बाई, हिच्यासाठी तुला जीव द्यावा लागला." शेंगाची चटणी वाढली की, "शेंगदाण्याच्या आईला विचारलंस का?" मेथी निवडताना, "ऐक, ऐक, किंचाळतीया बघ." सगळे हसायचे. पुढं कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं मोबाईलवर बघून मला सांगितलं, की तुझ्यासारखी माणसं जगात आहेत आणि त्यांना व्हीगन म्हणतात. माझ्यासारखी आणखी कुणी आहे हे कळून मला इतका आनंद झाला की घरी येऊन मी तो शब्द सांगून टाकला. ती माझी चूक. "व्ही गन? मंजी बंदूक?" इथून निघालेला काका दोन दिवसांत वांगन आणि तिसऱ्या दिवशी वांगेबाई या मुक्कामाला पोचला. वांगेबाई हे नाव राहिलं. पाहुणे ते वापरायला लागले, डेअरीत दूध उतरवणारी माणसं वापरायला लागली. माझं नाव शिवलीला आहे हे दोन वर्षं फक्त कॉलेजच्या हजेरीपटाला माहीत होतं.

चेष्टेचा मला तेव्हा सापडलेला आणि आजही तितकाच खरा वाटणारा दुष्टपणा हा, की तिला उत्तर देता येत नाही. कुणी शिवी दिली तर तुम्ही शिवी देऊ शकता. कुणी म्हणालं, तुझं चूक आहे, तर वाद घालता येतो. पण चेष्टा करणारा आधीच हसत असतो. तुम्ही हसलात तर त्याचं म्हणणं तुम्हाला मान्य, आणि नाही हसलात तर तुम्ही रागीट, तुम्हाला विनोद कळत नाही, एवढ्याशा गोष्टीवरून तोंड पाडून बसलात. मी दोन वर्षं हसले. प्रत्येक पंगतीत, प्रत्येक चहाच्या वेळी. हसून हसून माझे गाल दुखायचे. आणि तेच तेच विनोद. दर माणसाला वाटायचं, की झाडालाही जीव असतो हा शोध आपल्यालाच लागला आणि आपणच तो या पोरीला पहिल्यांदा ऐकवतोय. ज्यांनी आयुष्यात कधी आपल्या ताटातली प्रथिनं मोजली नाहीत ते मला प्रथिनं कुठून मिळणार याची काळजी करत. मी आता शाळेत शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझ्यासाठी काळा चहा आला की आजही कुणीतरी म्हणतंच, मॅडमचा शोकसभेचा चहा आला. नवीन शिक्षक असेल तर त्याला तो विनोद नवा वाटतो. मी आता हसत नाही. कप उचलते आणि त्याच्याकडं बघत राहते, त्याचं हसू आपोआप विझेपर्यंत. हे शिकायला मला फार किंमत पडली.

अप्पा चेष्टा करत नसत. ते बोलतच कमी. पण त्यांचं दुखणं वेगळं होतं आणि ते मला एका गिऱ्हाइकामुळं कळलं. मी गल्ल्याजवळ त्यांना जेवायला बोलवायला गेले होते. रोज येणारे एक मास्तर पिशवी पुढं करत म्हणाले, "काय अप्पा, डेअरीवाल्याचीच पोरगी दूध पीत न्हाय म्हणं. तिला आतलं काय ठाव हाय?" आणि हसले. मागं उभी असलेली दोन माणसंही हसली. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माप काठोकाठ भरलं, वर आणखी थोडं ओतलं आणि म्हणाले, "पोरीचं डोकं हाय ते. दूध चोख हाय." जिना चढताना ते मला म्हणाले, "पंचवीस वर्षं झाली दुकानाला. पाण्याचा थेंब न्हाय घातला कधी." माझ्याकडं न बघता म्हणाले. मला रडू आलं. अप्पांचं दूध चोख होतं, हे खरंच होतं. माझं भांडण त्यांच्या मापाशी नव्हतं. पण हे त्यांना कसं सांगणार? त्यानंतर मी दुकानात जायचं बंद केलं, म्हणजे गिऱ्हाइकांना मी दिसायला नको.

अक्काचं लग्न वैराग गावच्या एका घरात ठरलं. साखरपुडा आमच्याकडं, कार्यालय घेऊन. आमच्यात शुभकार्य हुग्गीशिवाय होत नाही. हुग्गी म्हणजे गव्हाची, गुळाची खीर, दूध घालून दाट केलेली आणि वर तुपाची धार. चार दिवस आधीपासून मी अव्वाला सांगून ठेवलं होतं, की मी भात-आमटी खाईन, माझ्यासाठी कुणाला त्रास नको, फक्त वैरागच्या लोकांसमोर माझा विषय नको. अव्वा "व्हय, व्हय" म्हणाली. मी नवी साडी नेसून दिवसभर पळापळ केली. अक्का सुंदर दिसत होती. विधी झाले, बायकांची पंगत बसली, मी अक्काच्या शेजारी बसले. समोर तिची होणारी सासू.

तेवढ्यात काका हातात वाटी घेऊन आला. माझ्यापुढं उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "शिवू, तुझ्यासाठी वेगळी केलीय."

"काय?"

"हुग्गी. नारळाच्या दुधाची. काल आचाऱ्याला सांगून ठेवलं होतं. खोबरं घातलंय बघ वर. अक्काच्या साखरपुड्याला तू हुग्गी खायची न्हाय, हे काय बरं दिसतंय?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यानं मला शिवू म्हटलं होतं. दोन वर्षांनी. वांगेबाई नव्हे. वाटीत खोबऱ्याचे पांढरे काप होते. तो आदल्या दिवशी कामाच्या गर्दीत आचाऱ्याकडं गेला असेल, नारळाचं दूध काढायला सांगितलं असेल, आचारी हसला असेल आणि काकानं त्याला गप्प केलं असेल, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. मी पहिला घास घेतला. चव ओळखीची वाटली, पण हुग्गीची चव ओळखीचीच असणार ना. दोन वर्षांत मी गोड म्हणून गुळाचा खडा खात होते. मला भरून आलं. मी वाटी संपवली. बोटानं पुसून संपवली. आणि डोळे पुसत म्हणाले, "काका, तुला कसं कळलं मला किती खावीशी वाटत होती ते."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याच्या दुसऱ्या हातात मोबाईल आहे आणि तो माझ्याकडं रोखलेला आहे.

"म्हशीची हाय की," काका मोठ्यानं म्हणाला. "सगळ्यांचीच हाय. तूप पण हाय आत. बघा, बघा, वांगेबाईनं वाटी चाटून खाल्ली."

सगळी पंगत हसली. वाढपी हसले. अक्काची सासू तोंडावर हात धरून हसली आणि म्हणाली, "लई भोळी हाय हो पोरगी." मी अव्वाकडं बघितलं. ती वाढत होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, आणि पदराखाली तिचे खांदे हलत होते. तिला माहीत होतं. खोबऱ्याचे ते काप घरून आले होते, तिनंच विळीवर केले होते, मी सकाळी बघितले होते.

मी काय करू शकत होते? अक्कानं पानाआडून माझं मनगट धरलं. तिच्या बांगड्या माझ्या हाताला रुतल्या. ते मनगट धरणं म्हणजे आज नको, माझा दिवस आहे, एवढंच होतं, आणि ते तिचं बरोबर होतं. मी हसले. आयुष्यात माझ्या तोंडून निघालेलं सगळ्यात घाणेरडं हसू ते. मग उठून नळावर गेले, चूळ भरली, परत भरली, खूप वेळा भरली. मला ओकारी आली नाही. लोकांना वाटतं, पोटात गेलं म्हणून वाईट वाटलं असेल. तेही वाटलं. त्या गोठ्यातली भिंत डोळ्यांपुढून हलेना. पण त्याहून मोठं हे होतं, की त्यानं दुधात मला फसवलं नव्हतं. मायेत फसवलं होतं. मी रडत त्याचे आभार मानले, तेच त्याला पाहिजे होतं, ते त्यानं मोबाईलमध्ये धरून ठेवलं आणि संध्याकाळ व्हायच्या आत भावकीच्या ग्रुपवर टाकलं. मोडनिंबच्या आत्यापासून ज्यांना मी कधी बघितलंही नाही त्या माणसांपर्यंत सगळ्यांनी त्याखाली हसणारी तोंडं चिकटवली.

दुसऱ्या दिवशी मी काकाला म्हणाले, ते काढून टाक. तो म्हणाला, "गंमत होती की. एवढं काय त्यात? खाऊन मेलीस का?" मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, काकाचा स्वभाव तुला माहीत आहे. अव्वाला सांगितलं. ती म्हणाली, घरात कार्य आहे, तोंड वाकडं करून फिरू नको. व्हिडिओ राहिला. मी तो रोज बघायचे. मला सवय लागली होती, खपली काढण्याची असते तशी. वाटी चाटणारी ती मुलगी मला दर वेळी आणखी मूर्ख दिसायची.

पंधरा-वीस दिवसांनी एका रविवारी अव्वाला ताप होता. स्वयंपाक नको, बाहेरून आणू, असं ठरलं. काकानं मला सांगितलं, आपल्या नेहमीच्या शुद्ध शाकाहारी खानावळीतून अख्खा मसूर आण, भाकरी मी टाकतो. मी डबा घेऊन गेले आणि तिथूनच मसूर आणला. हे स्पष्ट लिहिते, तिथूनच आणला. काका पूजा आटोपून बसला. भाकरी कुस्करून त्यावर मसूर ओतून त्यानं भुरके मारायला सुरुवात केली. "आज लई चव हाय," तो म्हणाला. "काय घातलंय कुणास ठाऊक. वांगेबाई, तू पण खा, ह्यात म्हैस न्हाय." त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी काही ठरवून आले नव्हते. खरंच नाही. पण त्याचं ते बोटं चाटणं मी बघत होते आणि माझ्या तोंडून अगदी शांतपणे शब्द निघाले.

"आपली खानावळ बंद होती काका. पलीकडल्या मटणवाल्याकडनं आणलंय. रस्सा त्याच कढईतला हाय."

त्याचा हात ताटातच थांबला. आधी तो हसला, कारण हसणं त्याच्या अंगवळणी होतं. मग त्यानं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि हसू गळून पडलं. मी असा चेहरा त्याचा कधी बघितला नव्हता. लहान झालेला, घाबरलेला. त्यानं गळ्यातल्या लिंगाला लावायला हात उचलला आणि तो हात उष्टा आहे हे बघून तसाच हवेत धरला. मग तो मोरीकडं धावला. त्याच्या ओकाऱ्यांचा आवाज सगळ्या घरात भरला. अव्वा तापाची उठून आली. अप्पा खालून वर आले.

"चेष्टा केली," मी म्हणाले. "नेहमीच्याच ठिकाणचं हाय. गंमत होती की."

अप्पांनी माझ्या थोबाडीत मारली. जन्मात पहिली आणि शेवटची. अव्वा म्हणाली, "असली चेष्टा करतंय का कुणी? त्याचं देवाधर्माचं हाय ग. तुझं काय हाय?"

"माझं पण तेच हाय," मी म्हणाले.

काका मोरीच्या उंबऱ्यावर ओल्या तोंडानं बसला होता. गालाची आग होत असताना मी त्यांच्याकडं एकेक करून बघत होते, आणि माझ्या मनात एकच गोष्ट फिरत होती. ह्यांना एका क्षणात कळलं. मी नुसतं सांगितलं होतं, त्याच्या पोटात काहीही घातलं नव्हतं, तरी कळलं, की ही गंमत नाही, की माणसाच्या आत एक जागा असते तिथं दुसऱ्यानं हात घालायचा नसतो. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. म्हणजे कळत होतं. पहिल्यापासून कळत होतं. फक्त माझ्या आत तशी जागा असेल हे त्यांना मंजूर नव्हतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवरचा व्हिडिओ गेला. कुणी काढला हे मी विचारलं नाही. तीन-चार दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते तेव्हा अव्वा वर आली. ती दोरीला चिमटे लावत राहिली आणि मग पाठमोरीच म्हणाली, "मला वाटलं, पोटात थोडं गेलं तर अंग भरंल तुझं. वाळलीस किती. तुला बघायला येतील उद्या लोकं."

"मग हसलीस कशाला?"

तिनं आणखी एक चिमटा लावला. "सगळी हसली म्हणून," ती म्हणाली.

मी बादली उचलून खाली आले. वाचणाऱ्याला वाटेल, इथं मायलेकी गळ्यात पडल्या असतील. नाही पडल्या. आई होती, काळजी होती, सगळं खरं होतं, पण खोबऱ्याचे कापही खरे होते. तिला मी पुढं कधी माफ केलं का, हे मला नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी केलं नाही. मात्र त्यानंतर मी माझं जेवण स्वतः करायला लागले, माझं पातेलं, माझी पळी, आणि घरात कुणीही करून दिलेला घास मी वर्षभर तोंडात घातला नाही. माझ्या आई-आजीच्या वयाच्या नातेवाईक बायकांनी याला अहंकार म्हटलं. म्हणोत. ज्या घरात ताटातल्या पदार्थाचं खोटं नाव सांगितलं जातं तिथं दुसरं काय करायचं? आणि मी काकाशी जे केलं त्याचं मला वाईट वाटतं का, असंही विचारतात. एका माणसाच्या श्रद्धेवर मी तो वार केला, हे मला माहीत आहे. त्याचा तो हवेत धरलेला हात मला अजून दिसतो. पण वाईट वाटतं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायला मी हे प्रकरण घेतलेलं नाही.

काका माझ्याशी बोलायचा बंद झाला. चेष्टाही बंद झाली. वांगेबाई हे नाव कुणाच्या तोंडी आलंच तर तो उठून जायचा. दोघं एकाच घरात, एकाच जिन्यावरून चढउतर करत, कामापुरतं "किल्ली कुटं हाय", "अप्पांनी बोलावलंय" एवढं बोलून आम्ही कित्येक महिने काढले. त्यानं माझी माफी मागितली नाही. मीही मागितली नाही.

मग अक्काला मुलगा झाला आणि बारशाला आम्ही सगळे वैरागला गेलो. तिथं मोठी पंगत होती. स्त्रिया एका बाजूला, पुरुष समोरच्या रांगेत, आणि काका बरोबर माझ्या समोर बसला होता. वाढपी अनोळखी होता. भात वाढून झाला आणि तो तुपाचं भांडं घेऊन ओळीनं पुढं येत होता. मी पानावर हात आडवा धरणार होते, नेहमीसारखा, आणि मग तो "घ्या की ताई, थोडं" म्हणणार होता, आणि मग कुणीतरी हसणार होतं, हे सगळं मला पाठ होतं. तो माझ्या शेजारणीपाशी आला तेव्हा समोरून आवाज आला.

"तिच्या पानात न्हाय."

काका म्हणाला होता. मोठ्यानं, त्याच्या त्या गल्ली थांबवणाऱ्या आवाजात. दोन्ही पंगतींनी वर बघितलं. साखरपुड्याला हसलेली तीच माणसं होती, अक्काची सासू होती, अव्वा होती. वाढपी गोंधळून म्हणाला, "का हो, उपास हाय का?"

"न्हाय," काका म्हणाला. "ती खात न्हाय. तिचं तसं हाय."

कुणी हसलं नाही. वाढपी पुढं गेला. काका घास न घेता तसाच बसला होता, माझ्या नजरेची वाट बघत, हे मला मान वर न करताही कळत होतं. मी आमटी-भात कालवला आणि खाली बघून जेवत राहिले. पान संपेपर्यंत मी वर बघितलं नाही.